श्वास सोडून थांब

एक्स-रे साफ होता.
बाप तो पाकिटातून काढून
पुन्हा पुन्हा दाखवत होता मला,
पास झालेल्या प्रगतिपुस्तकासारखा.
परळच्या तळघरात, सकाळी पावणेनऊला,
साफ एक्स-रेशी वाद कोण घालतं?
मी मान हलवली.

निहिरा भोईर. वय सहा, वजन साडेचौदा किलो.
घामाची तपासणी दोनदा, दोन्ही वेळा खारट.
म्हणजे कागदावर आकडा आहे, खारट मी म्हणतेय.
सोबत आजोबा. भांडुपच्या मिठागरात चाळीस वर्षं.
"आमचा घाम बी असाच," म्हणाले,
"वालला का पांढरा पडं अंगावं."
कुणी हसलं नाही.

मशीन सुरू करण्याआधी अर्धा तास आम्ही खेळलो.
श्वास घे, कोंबड्यासारखी छाती काढ, थांब.
हे तिला येतं. रोज सकाळी ती खाऱ्या पाण्याची वाफ ओढते,
आई ओंजळ करून पाठ थोपटते,
शाळेच्या बसआधी.
मग दुसरं, अवघड:
श्वास सोड. सगळा.
तळाशी उरलेला चमचाभरही सोड
आणि रिकामी थांब.

मोठ्या माणसांनाही जमत नाही हे.
रिकामं झालं की आपण लगेच काहीतरी आत ओढतो.
ती थांबली.
डोळे मिटून, मुठी वळून,
मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर.

"किती किरणं?" आईनं आधीच विचारलं होतं.
आकडा सांगितला, तर तिने तो पेनाने
मनगटावर लिहून घेतला.
तिथे आधीचा एक होता, पुसट.

भरलेला श्वास: जवळपास ठीक.
एकाच जागी नळी
शेजारच्या रक्तवाहिनीहून रुंद,
मोहरीएवढी, खड्याच्या अंगठीसारखी.
मी ती दोनदा मोठी करून पाहिली.
सोडलेला श्वास:
फुप्फुस राखाडी व्हायला हवं होतं, सगळीकडे सारखं.
झालं नाही. काही तुकडे काळेच राहिले.
काळं म्हणजे हवा, मग वाईट काय त्यात,
नवी होते तेव्हा मीही विचारलं होतं.
आत गेलेली हवा
बाहेर यायचा रस्ता विसरली, एवढंच.

दार उघडं राहिलं होतं. चूक माझी.
आजोबा मागे केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही.
"आगर हाय ह्यो," पडद्याला बोट न लावता म्हणाले.
"ह्या खनांचा पानी सुटला.
ह्या तिघांचा नाय सुटला."
मी म्हटलं, रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
"सांगतीलच ते.
उघाडीन चिखल बसला का असाच व्हतं.
आता कललं ता बरा,
बांध फुटल्यावं कोनाला बी कलतं."

मी पडदा विझवला. उशिराच.

निहिरा टेबलावरून उतरत होती.
"मी रिकामी थांबले ना नीट?"
"थांबलीस."
इतकी नीट थांबली नसती
तर आज काहीच दिसलं नसतं,
हे सांगायचं शहाणपण मला सुचलं नाही,
की धीर झाला नाही,
सोळा वर्षं झाली तरी मला हे वेगळं करता येत नाही.

बाहेर बाकावर बाप
साफ एक्स-रे पाकिटात घालत होता,
कोपरा दुमडू नये म्हणून
हळू, दोन्ही हातांनी.