कानस

आधी फाईल म्हटलं की दाखलेच आठवायचे,
जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेच्या तळाशी.
भोसरीच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
धुमाळ सरांनी हातात दिली ती निराळी,
बारा इंची, दातेरी, लाकडी मुठीची.
"ही पण फाईल. आपल्यात कानस म्हणतात.
पुढं जाताना कापते.
मागं येताना उगाच जोर लावू नका."

दीड महिना एकच काम :
पंचाहत्तर बाय पंचाहत्तरची पाटी, दहा जाडीची,
वाईसमध्ये आवळायची आणि घासायची.
बावीस जण होतो. दिवाळीनंतर तेरा.
सूरज पेटकर डिलिव्हरीच्या गाडीवर गेला,
रोजचे पैसे रोज,
त्याला कोण काय बोलणार.

सर पाटीला गुण्या लावायचे, खिडकीकडे धरायचे.
"लोखंडे, उजेड गळतोय."
कडेला केसाएवढी पांढरी रेघ.
पुन्हा घासा.
इतकी वर्षं सगळे उजेडाकडे चला म्हणत आलेले,
इथं तो बंद करायचा होता.

आडनावच लोखंडे, म्हणून पोरं हसायची.
हसू देत. लोखंड आमच्यात माझ्या जन्माआधीपासून आहे,
मार्केट यार्डामागं वेचलेलं, आईच्या पोत्यात :
खिळे, सळ्यांची टोकं, एकदा सायकलचं अख्खं पायडल.
किलोनं येतं, किलोनं जातं,
मध्ये भंगारवाला काटा मारतो.
त्याच लोखंडात
मिलिमीटरचा पन्नासावा भागही असतो
हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

परीक्षेत दहापैकी सात.
एक कोपरा जास्त खाल्ला गेला.
पुढच्या महिन्यात चाकणचे लोक येणार आहेत,
सहा महिन्यांचं कंत्राट, मग ब्रेक, मग बघू.
पाटी सरांनी मलाच दिली.

दोन बस बदलून डायस प्लॉटला पोचले तर आठ वाजलेले.
आईनं हात धुतले, पाटी तळहातावर झेलली,
"साडेचारशेला जरा कमी."
शेडच्या काट्यावर चारशे अडतीस भरली होती.

मी व्हर्नियर कसं वाचतात ते सांगत बसले,
शून्य कुठं, रेघ कुठली जुळते,
ती नुसती अंगठा फिरवत होती कडांवरून,
एक कड, दुसरी, तिसरी,
कोपऱ्याशी अंगठा थांबला.

"इथं घाई केलीस."