तीन थेंब दूध

दारं-खिडक्या लावून आग्नेला टीचरनी
काचेच्या पेल्यात दुधाचे तीन थेंब टाकले
आणि बाजूने बॅटरी धरली.
पाणी निळसर झालं. किंचितच.
पलीकडे भिंतीवर मात्र उमटला
नारिंगी ठिपका.

कण केवढा, यावर सगळं आहे, त्या म्हणाल्या.
प्रकाशाच्या लाटेहून बारीक असला
तर निळा चहूकडे उधळतो,
तांबडा सरळ पुढे निघून जातो.
कण मोठा झाला की आपपर नाही,
सगळे रंग सारखेच भिरकावतो,
म्हणून धुकं पांढरं.

आणि आमचं सावर्ड्याचं आभाळ?
मी विचारलं.

दिवसभर खनिजाचे ट्रक.
दोरीवरचा गणवेश संध्याकाळपर्यंत विटकरी,
केळीच्या पानावरून बोट फिरवलं
तर खाली हिरवं सापडायचं.
दुपारचं आभाळ शिळ्या चहासारखं.

टीचर थांबल्या. त्यांच्या छत्रीवरही तोच रंग होता.
लोखंडाची धूळ निळा गिळते, म्हणाल्या.
मंगळावर असंच.
पण तिथे सूर्य बुडताना
त्याच्याभोवती निळं दिसतं.
त्या धुळीत तांबडा लांब पांगतो,
निळा सूर्याला धरून राहतो.

घरी येऊन पप्पांना सांगितलं.
ते ट्रकची काच पुसत होते.
'थंय ट्रक कोण चलयता?'
एवढंच विचारलं त्यांनी.

मग खाण बंद झाली.

आधी काही कळलं नाही.
एका सकाळी चंद्रनाथाचा डोंगर
झाडन् झाड मोजता येईल इतका जवळ आला.
आभाळ असं निळं, की आई म्हणाली
याची कुणी दृष्ट काढा रे.
त्याच दिवशी बँकेचा माणूस आला.
ट्रकखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती,
तिलाही उठवलं नाही कुणी.

पप्पा अंगणात खुर्ची टाकून वर बघत.
'कितें ना थंय,' म्हणत.
मला सांगायचं होतं, आहे.
निळ्यालाही कण लागतातच,
हवेचे स्वतःचे, धुळीहून कितीतरी बारीक.
नाहीतर भरदुपारीही वर काळोख असता.

नाही सांगितलं.
रात्री पेला घेतला,
उद्याच्या चहातलं दूध, तीन थेंब,
आणि ट्रकमधली बॅटरी.
पप्पा वाकून बघत राहिले,
पेल्यातलं निळं त्यांना दिसलं की नाही, कोण जाणे.

तांबूस ठिपका त्यांच्या शर्टावर पडला होता.
सवयीने त्यांनी तो झटकला.