कमी दाबाने पाणीपुरवठा

चौतीस वर्षं महापालिकेच्या जलखात्यात
चावीवाला होतो मी.
खांद्यावर साडेचार फुटी लोखंडी चावी.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, दांडा आत घालायचा
आणि मोजत फिरवायचं:
बावीस आटे भटवाडीला, सोळा टेकडीवर.
बायका वरून शिव्या घालत, पाणी आलं की विसरत.
पाइपाला कान लावून सांगायचो
कुठे हवा अडकलीय, कुठे गंज धरलाय.

आता रात्री चार वेळा उठतो.
कुर्ल्याच्या आमच्या चाळीत संडास टोकाला,
मध्ये नऊ दारं,
नऊही दारांना माझ्या चपला पाठ.
उभा राहतो. भिंतीवरच्या पालीकडे बघतो.
येतंय येतंय म्हणतं आणि येत नाही,
आलं तर धागा, मग थेंब, मग
संपल्यासारखं करून पुन्हा दोन थेंब.
खोलीत येऊन पाठ टेकतो न टेकतो
तोच पुन्हा निरोप.

शालन म्हणाली, साखर तपासा.
साखर नव्हती.
म्हणाली, रात्रीचं ताक बंद.
ताक सोडलं.
मुलाला सांगायचं तर कोणत्या शब्दात?
आमच्याकडे त्या भागाला शिव्या भरपूर,
साधं नाव नाही.
भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू
आणि मी मूठभर अक्षता घेऊन
हॉलच्या मुतारीपुढे रांगेत.
घरी आल्यावर खिशात सापडल्या.

मग शीव हॉस्पिटल.
बाकावर सगळे माझ्याच वयाचे,
सगळे दुसऱ्या कोणासाठी आल्यासारखे बसलेले.
सोनोग्राफीला सांगितलं, लिटरभर पाणी प्या, धरून ठेवा.
धरून ठेवा!
नंतर एका यंत्राच्या नरसाळ्यात सोडायला लावलं.
कागदावर रेघ उमटली,
चढ असा नाहीच, नुसता
गतिरोधकाएवढा उंचवटा.

डॉक्टर म्हणजे पोरगीच, माझ्या नातीहून जरा मोठी.
केसपेपरच्या पाठीवर तिने चित्र काढलं:
हा फुगा मूत्राशय, ही खालची नळी
आणि नळीच्या गळ्याला मिठी मारून बसलेली ही प्रोस्टेट,
पौरुषग्रंथी, म्हणाली, न लाजता.
तरुणपणी अक्रोडाएवढी. वय होतं तशी वाढते.
तुमची मोसंबीला आलीय.
केस पिकतात ना आजोबा, तसंच.
कॅन्सरचं लक्षण दिसत नाही, तरी रक्त तपासू.
म्हटलं, बाई, म्हणजे टाकी ठीक, लाइन ठीक,
व्हॉल्व्हच बाहेरून आवळलाय.
हसली. असंच समजा.
पण टाकी पुरती रिकामी होत नाही,
तळाला उरतं, म्हणून पुन्हा पुन्हा उठता.

गोळी चालू आहे, रात्री एक.
एकदम उठलं की गरगरतं,
म्हणून आधी काठावर बसायचं, साठ आकडे मोजायचे.
चारावरून दोनवर आलोय. धागा जरा जाड झालाय.
नाहीच जमलं तर दुर्बीण घालून आतून खरवडतात म्हणे.
त्याची भीती वाटते.
शालनला अजून सांगितलेलं नाही.

काल पावणेतीनला दार आतून बंद.
आत रेवाळे मास्तर.
नळावरच्या पिंपावरून आमचं बोलणं बंद,
त्यालाही आता अकरा वर्षं होतील.
मी बाहेर. कान आपोआप दाराशी.
धागा. थांबा. थेंब.
एक उसासा.
पुन्हा थेंब.
ही लाइन माझ्या कानाला चुकायची नाही.

दार उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता लुंगी सावरली.
किती वेळा? मी विचारलं.
बराच वेळ काही नाही.
मग एका हाताची सगळी बोटं वर.
मंगळवारी शीवला बघतात, मी म्हणालो,
आठच्या आत केसपेपर काढायचा. मी येतो सोबत.

मास्तर तीन दारं पुढे गेले, थांबले.
पिंप माझंच आधी लागलं होतं, म्हणाले.
असेल, म्हटलं,
आणि घाईने आत शिरलो.