उजवी पाकळी

रवळनाथाच्या छातीवर
बाबल गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो,
गाऱ्हाणं घालतो.
उजवी पडली तर होय. डावी, तर नाही.

तीन वर्षं मी खांबाला टेकून मोजत आलो,
शाळेच्या वहीत, हजेरी मांडावी तसं:
चारशे बारा कौल, उजवे दोनशे नऊ.
हवा दमट तर उशीर.
वारा खाडीवरून असला तर डावी आधी,
बाजूचं दार तिकडेच आहे.

बाबलने वही लांब धरून पाहिली.
"बरोबर आसा मास्तर.
पण वारो कोणी धाडल्यान, तां खंय लिवलात?"

नारळी पुनवेनंतर गेलेली
माझ्या भावाची, मोतीरामची होडी
चौथ्या दिवशीही किनाऱ्याला लागली नाही.
वहिनी देवापुढे पदर पसरून,
मी खांबापाशी.
वारा खाडीवरून.
कुठली आधी सुटणार, मला ठाऊक होतं.
मी उठलो
आणि दार लोटून घेतलं.

बाबलने बघितलं. गाऱ्हाणं थांबवलं नाही.

मोतीराम पाचव्या दिवशी आला,
इंजिनाला शिव्या घालत,
ओठ मिठाने फुटलेले.

चारशे तेरावी ओळ.
कौल: उजवा.
वाऱ्याच्या रकान्यात एवढंच लिहिलंय,
दार मी लावलं.