कुलपावरचा फोटो

नियम माझाच होता.
यंत्र धुवायचं तर आधी वीज तोडायची,
खटक्याला लाल कुलूप घालायचं,
किल्ली आपल्याच खिशात,
आणि कुलपाला टांगायचं आपलं कार्ड.
वाचणाऱ्याला कळावं, आत माणूस आहे, हा तो माणूस.
कार्डं मीच छापून घेतली.
काळा-पांढरा चेहरा, भोवती जाड काळी चौकट,
कारण रंगीत शाई महाग
आणि चौकट लांबून दिसते.

फ्योर्डच्या काठावर आमचा माशांचा कारखाना.
नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारी सरेपर्यंत तोंड दाखवत नाही.
त्याच अंधारात एका रात्रपाळीला
कॉडची मुंडकी छाटणारं यंत्र अचानक फिरलं.
न्यानचा हातमोजा आत गेला.
हात बाहेर आला.

कुलूप घातलेलं नव्हतं.
मी अहवालात लिहिलं: निष्काळजीपणा.
मग प्रशिक्षण पुन्हा दिलं,
त्याच चित्रफिती, तीच वाक्यं,
फक्त जरा हळू आणि जरा मोठ्यानं,
जणू व्हिएतनामहून आलेल्या नऊही बायका
बहिऱ्याच होत्या.
नऊही जणींनी माना डोलावल्या.
मला बरं वाटलं.

आठवड्यानं पेटी उघडली.
कुलपं कोरी करकरीत.
कार्डं सगळी पालथी.

सव्वीस वर्षं हे काम करतेय मी.
पालथ्या कार्डांचा रकाना
माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हता.

ताकीदपत्रावर सही घ्यायला न्यानच्या घरी गेले.
बूट दाराशी काढले, तेवढं आमच्याकडेही असतं.
तिनं चहा ओतला.
समोर फळीवर तीन संत्री, उदबत्तीची राख,
आणि मागे एक म्हातारा,
काळा-पांढरा,
काळ्या चौकटीत.

मी बघत राहिले.
ती माझ्याकडे बघत राहिली.
मग आमच्या भाषेतले तिला येणारे मोजके शब्द
तिनं एकेक करून टेबलावर मांडले:
"वडील. तिथे. मी अजून नाही."

पत्र खिशातच राहिलं. चहा मात्र संपवला.

परतताना धक्क्यावर थांबले.
इथूनच माझे वडील बोट काढायचे.
हंगामाची पहिली फेरी सोमवारी? छे!
अकरा माणसं, भरलेलं डिझेल, शांत समुद्र,
सगळं रोखून धरायचे मध्यरात्र उलटेपर्यंत.
त्यांना कुणी ताकीद दिली नाही.
गाव म्हणायचं, अनुभवी कप्तान.

दुसऱ्या दिवशी कोरी कार्डं आणि रंगीत खडू घेऊन गेले.
म्हटलं, तुमची खूण तुम्हीच ठरवा.
कुणी हलेना. त्यांना वाटलं परीक्षा आहे.
शेवटी पोलंडच्या बोझेनानं हसत साळिंदर काढलं,
इतकं वाईट, की बटाट्याला काटे फुटलेले.
मग लुआनं कमळ.
न्याननं बराच वेळ घेऊन एक पिवळं बदक.

हल्ली त्या यंत्रावर बदक लटकतं.
व्यवस्थापक विचारतात, हे प्रमाणित आहे का?
मी म्हणते, यंत्र बंद आहे.

सूर्य परतला. गावानं रिवाजाप्रमाणे पॅनकेक खाल्ले.
न्याननं दोन खाल्ले, तिसरा रुमालात बांधून नेला,
कुणासाठी ते आता मला कळतं, किंवा
कळतं असं वाटतं.

एप्रिलात घानाहून सेलॉर्म आला.
उंच, इस्त्रीचा सदरा, प्रत्येक सूचना लिहून घेणारा.
माझ्या उजव्या हातात फाइल होती,
म्हणून डाव्यानं कुलूप पुढे केलं.

तो थबकला.
अर्धा सेकंद, जास्त नाही.
मग डोळे खाली घालून कुलूप घेतलं.

पूर्वी हा अर्धा सेकंद मला दिसला नसता.
दिसता, तर लिहिलं असतं: अनुत्सुक.
आता वही काढली,
तारखेखाली दोन शब्द लिहिले,
पुढे प्रश्नचिन्ह.

*डावा हात?*

उद्या विचारेन.
कुणाला आणि कसं,
तेही शिकायचंय.