लाल चिठ्ठी

प्रिटोरियात जुलै म्हणजे थंडी.
संग्रहालयाच्या तळघरात डांबरगोळ्यांचा वास
आणि टाचणीवर, माझ्यासमोर,
एकशे अकरा वर्षं जागचा न हललेला शेणकिडा.
मागचा डावा पाय नाही.
खाली लाल चिठ्ठी. म्हणजे नावाचा मालक हाच.
याच्यासारखे ते याच्या नावाचे,
नसतील ते बिननावाचे,
मग पुस्तकं काहीही म्हणोत.

त्याच नावाखाली दाटीवाटीने आणखी सदतीस.
महिनाभर मी एकेक उतरवते,
कोमट पाण्यात भिजवते,
पोटाचं झाकण सुईने उचलून
तिळाएवढं नरपण बाहेर काढते.
(आईला एवढंच सांगितलंय की मी किडे मोजते.)
तेवीस जणांचं टोक आकड्यासारखं वळलेलं, लाल चिठ्ठीवाल्याचंही तसंच.
अकरांचं सरळ, चमच्यासारखं पसरट.
उरल्या तीन माद्या. त्यांच्याबद्दल
कोणीच शपथ घेत नाही.

निवृत्त झालेले नॉर्तिए दर गुरुवारी येतात, डब्यात रस्क.
सूक्ष्मदर्शकावर वाकतात, बराच वेळ वाकलेलेच.
"दोन जाती. मला चौऱ्याऐंशीपासून शंका होती."
मग लिहिलं का नाहीत?
ते रस्क कॉफीत बुडवतात,
इतका वेळ की तुकडा तळाला जातो.
याच शहरात तेव्हा जात ठरवायला
केसांत पेन्सिल घालून बघत. पडली तर एक, अडकली तर दुसरी.
ते चमच्याने तळ ढवळतात.
मी पुढचा किडा उतरवते.

चिठ्ठीवर: झाउटपान्सबर्ग, १९१३, संग्राहक कर्नल ट्रॉटर.
चिठ्ठी उलटली तर पेन्सिलीने, वाकड्या अक्षरांत:
जिमने आणला.

संध्याकाळी आत्याला फोन.
त्शाखुमात तिच्या अंगणात कोंबड्या भांडत होत्या.
"जिम?" ती हसली. "आजोबा सांगायचे, त्या मळ्यावर सहा जिम होते.
मालकाला सहा नावं कशाला पाठ करायला हवीत?"
आणि किडे, आत्या? एकच ना?
"एक कोण म्हणालं?
एक गाईच्या शेणात, दिवसा.
दुसरा अंजिराखाली, माकडांच्या घाणीत, उजाडायच्या आत.
मुठीत धर. पहिला गुदगुल्या करतो,
दुसरा ढकलतो. पोरंसुद्धा ओळखायची."

महिनाभराचं माझं भिजवणं, सुया, कोष्टकं
एका मुठीत मावली.

मग मी मुद्द्यावर आले.
नियम असा, की जुनं नाव वळलेल्यालाच राहणार.
सरळवाल्याला नवं हवंय.
आपल्यात नाव आत्या ठेवते. तू सांग.
त्या सहांपैकी एखाद्याचं खरं नाव?
फोनवर फक्त कोंबड्या.
"सहांतला कोणता, ते तुला ठाऊक आहे?"
नाही.
"मग एकाचं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवू नकोस. ते एकदा झालंय.
आणि आधी हे सांग,
तो जिवंत आहे का अजून?
न बघितलेल्या बाळाचं बारसं मी करत नाही."

सरळवाल्यांची शेवटची चिठ्ठी १९५१ची.

मसुद्यात मी 'जात दुसरी' असं लिहिलं, पेन्सिलीनेच.
नॉर्तिएंनी वाचलं, काही खोडलं नाही.

आता डिसेंबर. अंजिराखाली सोळा डबे पुरलेत,
आमिष काय आहे ते विचारू नका.
रात्रभर माकडं वरून फळं मारत होती.
अकराव्या डब्यात, उजाडायच्या आधी, एक.
बॅटरी विझवली.
मूठ मिटली.
आत्या छत्री टेकत चढावर येत होती, खालूनच ओरडली,
"काय करतोय?"

थांब, म्हटलं.
बोटं गारठलीत.
ढकलतोय बहुतेक.
थांब.