दोन नंबरची ट्राम

नॉरशॉपिंगला, जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
इल्वा पातं ओढते.
ओढते म्हणजे, ओढते मोटर; इल्वा श्वास धरून बसते.
सेकंदाला अर्धा मिलिमीटर.
गोगलगाय हिच्यापुढे उधळलेली घोडी.

पात्यामागे द्रावण सुकत येतं
साठ अंशांच्या तव्यावर,
आणि सुकता सुकता रेणू एकमेकांना पाठ लावून उभे राहतात.
साय धरते तसं म्हणावं, तर साय सुरकुतते.
तुपाचा रवा म्हणावं, तर रवा वाट्टेल तिकडे तोंड करून बसतो.
इथे रवा हवा एकाच दिशेचा, लांबच लांब,
वीज त्यातून अनवाणी चालत जाईल असा.
जाडी? केसाचे दोन हजार उभे काप करा,
त्यातला एक.

खाली प्लास्टिक, मनगटाभोवती वळणारं.
वर्षअखेर ह्याचं नाडी मोजणारं ठिगळ होईल
असं अर्जात लिहिलंय.
पैसे त्या वाक्याचे मिळतात.

मग सूक्ष्मदर्शक. दोन काचा,
एक उभा उजेड सोडणारी, एक आडवा,
मधे फिल्म. काळोखातून
मोरपिशी, जांभळे, केशरी पट्टे वर येतात,
आणि त्यांना छेदून एक रेघ.
पुन्हा केली. पुन्हा रेघ.
तेस्फालेम म्हणाला, कचरा असेल. द्रावण गाळलं.
पातं बदललं, तवा बदलला.
मार्चभर रेघ.
शेवटी त्यानेच वहीत वेळा मांडल्या:
सहा चौदा, सहा चौतीस, सहा चोपन्न.
आणि खिडकीकडे बघून हसत सुटला.

पिवळी ट्राम.
वळणावर ती रूळ बदलते तेव्हा इमारत दचकते.
माणसांना कळत नाही. पात्याला कळतं.

इल्वा हसली नाही.
दोन नंबर तिचा बाप चालवायचा, सिग्वार्द,
एकतीस वर्षं.
त्या वळणावर ब्रेक जरा जोरातच दाबायचा;
आई म्हणायची, ह्याच्या गाडीत अंडी घेऊन बसू नये.

मे महिन्यात तो निवृत्त झाला.
रेघ राहिली, पण बारीक झाली.
नवा चालक हलक्या पायाचा.
मग टेबलाखाली हवेच्या उशा आल्या, आणि तीही गेली.

मार्चमधली एक फिल्म इल्वाने टाकली नव्हती.
विजेला त्या रेघेपाशी अडखळायला होतं,
आकडेच सांगतात. वापराची नाही.
एका रिकाम्या दुपारी तिने ती पेन्सिलीभोवती वळवली,
सोडली, वळवली. मोजत राहिली.
नऊशे अकराव्या वेळी तडा गेला.
रेघेवर नाही. चार मिलिमीटर अलीकडे,
जिथे रंग अगदी एकसारखा होता.
का, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

संध्याकाळी फोनवर तिने विचारलं,
बाबा, गिरणीच्या वळणावर तू ब्रेक असा का दाबायचास?
पलीकडे चमचा कपात फिरत होता.
थांबला.
"उतार आहे तिथे," सिग्वार्द म्हणाला.